एकच संकेत, वेगळं उत्तर: भ्रूणविज्ञान शिकताना या चुका टाळा

परभणीकडच्या आमच्या महाविद्यालयात एम.एस्सी.चे पेपर तपासताना एक वाक्य दरवर्षी भेटतं: ‘बीएमपी म्हणजे पेशी मारणारा संकेत.’ बीएमपी हे भ्रूणातल्या पेशी एकमेकींना निरोप, म्हणजेच संकेत, धाडायला वापरतात त्यांपैकी एक प्रथिन. कोंबडीच्या पायाची बोटं सुटी होतात, कारण मधल्या पेशी बीएमपीमुळे मरतात. इथवर बरोबर. पण त्याच पायात, अगदी शेजारी, बोटाच्या आत हाच बीएमपी कूर्चा घडवायला लावतो. त्याच्याही आधी, भ्रूण कोवळं असताना, बाह्यस्तराला (पेशींच्या सगळ्यात बाहेरच्या थराला) त्वचा बनवणाराही हाच. बदकाच्या पायात ग्रेमलिन नावाचं प्रथिन बीएमपीला मध्येच अडवतं, म्हणून बोटांमधला पडदा शाबूत राहतो. तेव्हा रेणूच्या नावापुढे एकच काम लिहून पाठांतर करू नका. निरोप कुणीही धाडो, अर्थ ऐकणारी पेशीच लावते.

यावर मुलं विचारतात, “मग सर, संकेत काहीच ठरवत नाही का?” ही उलट्या टोकाची चूक. १९३२ साली स्पेमान आणि शोटे या भ्रूणशास्त्रज्ञांनी बेडकाच्या भ्रूणाच्या कुशीची कातडी न्यूटच्या (शेपटीवाल्या उभयचर प्राण्याच्या) भ्रूणात, तोंड होणार त्या जागी बसवली. न्यूटच्या ऊतींनी सांगितलं, ‘तोंड कर.’ कातडीनं तोंडच केलं, पण बेडकाच्या पिल्लाचं: चिकटायचे चूषक आणि शिंगासारखे कडक जबडे! जागा संकेतानं ठरवली, घडण कातडीच्या स्वतःच्या जनुकांनी. या प्रयोगावर चार ओळी लिहून पुढे जाऊ नका; परीक्षेतले निम्मे प्रश्न इथूनच फुटतात.

वेळ विसरणं ही तिसरी चूक. परतीचा पाऊस काढणीला आलेल्या सोयाबीनची माती करतो, हरभऱ्याच्या पेरणीला मात्र ओल देतो. झेनोपस बेडकातही तसंच. भ्रूणाची स्वतःची जनुकं चालू होण्याआधी विंट-८ हा संकेत दिला तर पाठीकडची बाजू वाढते. नंतर दिला तर तोच पोटाकडे झुकवतो.

मात्रेचंही तेच. ॲक्टिव्हिन या संकेताचे पेशीवर सुमारे ५,००० ग्राही (संकेत झेलणारी प्रथिनं) असतात. त्यांतले साधारण १०० भरले की एक जनुक जागं होतं, ३०० भरले की दुसरंच.

आता प्रात्यक्षिकातला घोळ. त्याचा मला जास्त राग येतो. “सर, कोंबडीची अंडी सारखीच तेहतीस तास उबवायला ठेवली, तरी एकात दहा सोमाइट जोड्या आणि दुसऱ्यात काहीच नाही.” सोमाइट म्हणजे भ्रूणाच्या पाठीत मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना जोडीनं तयार होणारे पेशींचे ठोकळे. लेकरांनो, तास मोजू नका, सोमाइट मोजा. हॅम्बर्गर-हॅमिल्टन यांची कोंबडीच्या भ्रूणवाढीची १९५१ ची ४६ टप्प्यांची सारणी त्यासाठीच आहे. मे महिन्यात आपल्याकडे खोलीच इतकी तापते, की टेबलावर पडलेलं अंडं इन्क्युबेटरमध्ये जाण्याआधीच वाढू लागतं. त्यात रात्री लाईट गेली, तर वाढ मागे पडते. अशी मिसळ झालेली भ्रूणं एकाच संकेताला वेगवेगळी वागली, तर दोष रसायनाचा नसतो.

आणि दुकानातली पांढरी अंडी आणू नका. ती फलित नसतात. महिनाभर उबवली तरी त्यातून काही निघणार नाही. कोंबडा असलेल्या घरची ताजी गावरान अंडी आणा, थंड जागी ठेवा आणि सगळी एकाच वेळी इन्क्युबेटरमध्ये घाला.