मोटारमुक्त दिवशी माणसं कशी मोजायची

मोटारमुक्त दिवस, म्हणजे शहरातले रस्ते एका दिवसापुरते मोटारींना बंद ठेवतात तो दिवस, सरला की दुसऱ्या दिवशी सकाळी दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक म्हणजे "केवढी गर्दी लोटली होती!" आणि दुसरं, "दिवसभर गिऱ्हाईक फिरकलं नाही." दोन्ही एकाच रस्त्याबद्दल असतात आणि दोघंही खोटं बोलत नसतात. पहिला चौकात उभा होता, दुसरा गल्लीतल्या आपल्या दुकानात बसून होता. तीस वर्षं मी हिशेब तपासण्याचं काम केलं, त्यामुळे अशी दोन टोकाची वाक्यं ऐकली की मला वही उघडाविशी वाटते. आता काही वर्षं आम्ही पाच-सहा जण अशा दिवशी शहराच्या मध्यभागी उभे राहून माणसं मोजतो. मोठी यंत्रं लागत नाहीत, परवानगीची फारशी कटकट नसते. कसं करायचं ते सांगते, कारण रस्ता माणसांसाठी मोकळा करायचा की नाही हा निर्णय ज्याचा आवाज मोठा त्याच्या बाजूने लागू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिली गोष्ट, मोजणी त्या दिवशी सुरू करायची नसते. त्या दिवशीचा आकडा एकटा काहीच सांगत नाही. मोटारमुक्त दिवस रविवारी असेल तर आधीचे दोन रविवार आणि नंतरचे दोन रविवार मोजा. वार तोच, वेळ तीच, रेषा त्याच. हवा कशी होती ते प्रत्येक कागदाच्या डोक्यावर लिहा, पाऊस किंवा कडक ऊन आकडा सहज फिरवतं. जवळपास दुसरा मोठा कार्यक्रम होता का, सुट्ट्या लागल्या होत्या का, तेही लिहा. नंतरचे दोन रविवार लोक हमखास टाळतात, कारण उत्साह ओसरलेला असतो. पण खरी गोम तिथेच आहे. जी माणसं एरवी पुढच्या रविवारी आलीच असती ती आठवडाभर आधी आली, तर शहराला नवे पाहुणे मिळाले नाहीत, फक्त तारीख बदलली. हे नंतरच्या मोजणीशिवाय कळत नाही.

वार निवडणं आपल्या हातात नसतं, पण वाराचा अर्थ समजून घ्या. कोलंबियाची राजधानी बोगोटा इथे डिसेंबर १९७४ पासून सिक्लोव्हिया नावाचा उपक्रम चालतो. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ पर्यंत शंभराहून अधिक किलोमीटरचे रस्ते सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे असतात. त्याच शहराने २४ फेब्रुवारी २००० रोजी खासगी मोटारींविना पूर्ण दिवस पाळला, आणि तो वार होता गुरुवार, म्हणजे कामाचा दिवस. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये लोकांनी मतदान करून तो दिवस दरवर्षीचा केला. हे दोन वेगळे प्रयोग आहेत. रविवारचा प्रयोग विचारतो, मोकळा रस्ता मिळाला तर माणसं तिथे रेंगाळतील का? गुरुवारचा विचारतो, मोटारीवाचून माणसं कामाला पोचतील का? रविवारच्या गर्दीवरून गुरुवारचा निष्कर्ष काढला की हिशेब चुकतो. असे निष्कर्ष मी कितीतरी सभांमध्ये ऐकले आहेत.

रेषा आखताना

मोजायची ती माणसं नव्हेत, रेषा ओलांडणं. रस्त्याच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक रेषा मनात धरा. दोन्ही टोकांना ठळक खूण हवी, दिव्याचा खांब, दाराची चौकट, काहीही. त्या जागेवरून दोन्ही टोकांचे फोटो काढून ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी दुसरं कुणी उभं राहिलं तरी रेषा सरकत नाही.

आम्ही चार रेषा घेतो. एक मुख्य रस्त्यावर, पण मंचापासून आणि खेळांच्या जागेपासून लांब. दुसरी एका आडगल्लीत. तिसरी बस किंवा रेल्वेतून उतरलेले लोक जिथून आत येतात तिथे. आणि चौथी हद्दीच्या बाहेरच्या पहिल्या रस्त्यावर, कारण मोटारी नाहीशा होत नाहीत, काही तिथे जातात. त्या रस्त्यावर राहणाऱ्यांनाही हा दिवस भोगावा लागतो.

पहिल्या वर्षी आम्ही एकच रेषा घेतली होती, तीही थेट मंचासमोर. आकडा डोळे दिपवणारा आला. तो लिहून आम्ही सगळीकडे वाटला. मग रात्री कागद परत पाहताना लक्षात आलं की जाणारे आणि येणारे जवळपास सारखेच होते. तीच माणसं, तीच मुलं दिवसभर इकडून तिकडे बागडत होती. आम्ही एका मुलाला कदाचित वीसदा मोजलं होतं. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येकाला फोन करून आकडा मागे घेतला. तेव्हापासून "इतके पाहुणे आले" असं आम्ही रेषेच्या मोजणीवरून कधीच लिहीत नाही. "या रेषेवरून इतकी ये-जा झाली" एवढंच लिहितो.

सबंध तास मोजू नका. माणूस दमतो आणि दमलेला माणूस अंदाज करतो. दर तासाला १० मिनिटं मोजायची, सहाने गुणायचं. डेन्मार्कचे वास्तुरचनाकार यान गेल यांनी कोपनहेगनमध्ये रस्त्यावरचं जीवन अभ्यासताना अशीच हातमोजणी वापरली. तिथला स्ट्रॉयट हा मुख्य रस्ता १९६२ मध्ये मोटारींना बंद झाला, तेव्हा इतक्या थंड देशात कोण रस्त्यावर रेंगाळणार, अशी शंका पुष्कळांना होती. पुढच्या अनेक दशकांच्या मोजण्यांतून उलट चित्र दिसलं. मला यातलं मोल वाटतं ते सातत्याचं: तीच जागा, तीच पद्धत, वर्षानुवर्षं.

दोन्ही दिशांना वेगवेगळा क्लिकर (एकदा दाबला की आकडा एकाने वाढवणारा हातातला मोजक) घ्या, एक डाव्या हातात, एक उजव्या. कडेवरचं मूल मोजायचं. सायकलवर बसलेला वेगळ्या रकान्यात, सायकल हातात धरून चालणारा मात्र पायी. चाकाची खुर्ची, काठी, बाबागाडी यांना स्वतंत्र खूण करा, पुढे ती फार उपयोगी पडते. आणि मध्येच कुणी ओळखीचं भेटून लक्ष उडालं तर तो रकाना कोरा सोडा. कोऱ्या रकान्याने कुणाची दिशाभूल होत नाही, मनाने भरलेल्याने होते.

किती आले, त्याहून किती वेळ थांबले

खरं सांगायचं तर माझा जीव या भागात आहे. तासाला ६०० माणसं येत असतील आणि प्रत्येक जण सरासरी १० मिनिटं थांबत असेल, तर कुठल्याही क्षणी रस्त्यावर १०० माणसं असतात. आता तासाला ३०० माणसं येऊ द्या, पण प्रत्येक जण ४० मिनिटं थांबू द्या. कुठल्याही क्षणी रस्त्यावर २०० माणसं दिसतील. येणारे निम्मे झाले, गर्दी दुप्पट झाली. चौकातल्या माणसाला गर्दी दिसते, गल्लीतल्या दुकानदाराला दारावरून जाणारे कमी दिसतात. सुरुवातीची दोन वाक्यं एकाच दिवशी खरी कशी असू शकतात, ते या साध्या गुणाकारात आहे.

म्हणून दर तासाला एकाने रस्त्याचा छापील नकाशा घेऊन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच फेरी मारावी. जो त्या क्षणी जिथे थांबलेला दिसेल तिथे खूण करायची. बसलेला, उभा, गप्पा मारणारा, खेळणारा, विकत घेणारा, अशी प्रत्येकाची वेगळी खूण. मागे वळून नव्याने आलेले मोजायचे नाहीत. संध्याकाळी हे नकाशे एकावर एक ठेवले की कळतं की माणसं कुठे टेकली. आमच्या नकाशांवर ती बहुतेक वेळा सावलीत आणि पायऱ्यांवर दाटलेली असतात. जिथे बसायला जागा नाही तिथे मोकळा रस्ताही रिकामाच राहतो.

किती वेळ थांबले हे कळायला कुणाच्या मागे मागे जाऊ नका, ते अशिष्ट आहे. सरळ विचारा. रेषा ओलांडणारा दर दहावा माणूस थांबवायचा. हसऱ्या चेहऱ्याचा शोधून थांबवला तर उत्तरंही हसरीच मिळतात. प्रश्न थोडके ठेवा. कशाने आलात? किती वाजता आलात आणि साधारण किती वाजता निघाल? हा दिवस नसता तर आज इथे आला असतात का? महिन्यातून किती वेळा येता? "आवडलं का?" हे विचारूच नका, तोंडावर बहुतेक जण हो म्हणतात. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोन्यासारखं असतं, कारण नवा पाहुणा आणि नेहमीचा माणूस तिथेच वेगळे होतात.

दुकानदारांकडे जाताना अंदाज मागू नका, बिलांची संख्या मागा. त्या दिवशी किती बिलं फाडली आणि आधीच्या दोन रविवारी किती. रक्कम सांगायला माणूस कचरतो, संख्या बहुधा सांगतो. अंदाज कसा फसतो याचं एक चांगलं उदाहरण इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातलं आहे. २००६ साली तिथल्या ग्लॉस्टर रोडवरच्या दुकानदारांना विचारलं, तुमची किती गिऱ्हाइकं मोटारीने येतात? ते म्हणाले, ४१ टक्के. गिऱ्हाइकांना विचारलं तर निघाली २२ टक्के. दुकानदार लबाडी करत नव्हते. दारात मोटार उभी राहिली की ती दिसते, लांबून चालत आलेल्याचे पाय कुणाला दिसत नाहीत. पण सगळ्यांचं नुकसान काल्पनिक असतं असंही कुणी समजू नये. जड सामान विकणाऱ्याचा धंदा त्या दिवशी खरोखर बसू शकतो. त्याची बिलं वेगळी मांडा, सरासरीत बुडवू नका.

जे आलेच नाहीत

रस्त्यावर उभं राहून आलेली माणसंच मोजता येतात. हे मला शिकवलं माझ्या थोरल्या बहिणीने. ती काठी घेऊन चालते. मी तिला उत्साहाने आकडे दाखवत होते, तर ती म्हणाली, "मी अडथळ्यापाशी येऊन परत गेले गं. तिथून पुढे बसायला एक बाकडं नव्हतं." ती आमच्या कुठल्याच रकान्यात नव्हती. पुढच्या वर्षापासून एक जण हद्दीच्या अडथळ्यापाशी दिवसातून दोन तास उभा राहतो आणि परत फिरणाऱ्यांची नोंद करतो. कोण, का परतलं, एवढंच विचारतो. त्या नोंदी घेऊन आम्ही आयोजकांकडे गेलो. मग अडथळ्यापासून आत दर थोड्या अंतरावर बाकडी ठेवली गेली आणि अपंगांच्या वाहनांना एका बाजूने वाट मिळाली. तुमच्या शहरात हा दिवस नव्याने होत असेल तर ब्रसेल्सची पद्धत आयोजकांसमोर ठेवा. तिथे सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी ९:३० ते संध्याकाळी ७ पर्यंत शहराचा सबंध प्रदेश मोटारमुक्त असतो, ज्यांना मोटारीवाचून गत्यंतर नाही त्यांना आधी अर्ज करून परवाना मिळतो.

आवाजाचीही नोंद घ्या, थोडक्यात जमते. पॅरिसने २७ सप्टेंबर २०१५ रोजी पहिला मोटारमुक्त दिवस पाळला तेव्हा मध्यभागातला गोंगाट सुमारे ३ डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाज मोजायचं एकक) उतरला. ध्वनीची ऊर्जा निम्मी झाली, पण कानाला ३ डेसिबलचा फरक बेताचाच वाटतो. म्हणून आम्ही साधी चाचणी करतो. दोघांनी पाच पावलांवर उभं राहायचं, एकाने नेहमीच्या आवाजात दहा शब्द वाचायचे, दुसऱ्याने ऐकू आले तेवढे लिहायचे. साध्या रविवारी आणि मोटारमुक्त रविवारी, त्याच जागी. "दहापैकी नऊ शब्द ऐकू आले" हे डेसिबलपेक्षा लवकर समजतं.

शेवटी सगळं एका पानावर आणा. पाचही रविवार शेजारी शेजारी, कोरे रकाने कोरेच. फक्त फुगलेला आकडा वर आणि उतरलेला तळाशी बारीक अक्षरात, असं करू नका. मूळ कागद फेकू नका, फोटो काढून दोघांकडे ठेवा. आणि ते पान सगळ्यात आधी त्या गल्लीतल्या दुकानदाराला नेऊन द्या, ज्याने गिऱ्हाईक फिरकलं नाही म्हटलं होतं. आमच्याकडच्या त्या दुकानदाराने पान उलटसुलट पाहिलं, मग गल्ल्यामागून स्वतःची वही काढली आणि म्हणाला, "पुढच्या वेळी माझ्या दारासमोर पण एक रेषा धरा." आता आमच्या पाच रेषा आहेत.