कोळ्यांचं मिलन बघायचंय? मग ते संपल्यावर लगेच उठू नका

आधी नर ओळखायला शिका. तोंडाजवळ छोट्या हातांसारखे दोन पेडिपाल्प असतात, त्यांची टोकं बॉक्सिंग ग्लोव्हजसारखी फुगलेली दिसली की समजायचं हा वयात आलेला नर. शुक्राणू तयार होतात पोटात, पण नर एक इवलंसं जाळं विणतो, त्यावर थेंब टाकतो आणि तो पाल्पमधे ओढून घेतो, म्हणजे मादीकडे निघताना दोन्ही पिचकाऱ्या भरलेल्या! मला हे दरवेळी भन्नाट वाटतं.

आता मुख्य गोष्ट. मादी बऱ्याचदा एकाहून जास्त नरांशी जुळते आणि शुक्राणू साठवून ठेवते, त्यामुळे नरांची खरी चुरस तिच्या पोटात चालू राहते. यालाच स्पर्म कॉम्पिटिशन म्हणतात, जीवशास्त्रज्ञ जेफ्री पार्कर यांनी 1970 मधे कीटकांवर लिहिताना ही कल्पना मांडली.

सुरुवात घराच्या कोपऱ्यातल्या लांब काटकुळ्या पायांच्या फोल्कसपासून करा, सापडायला सगळ्यात सोपा. मिलन चालू असताना नर पाल्प लयीत हलवत राहतो, ते नीट बघा, कारण त्या हालचालींनी आधीच्या नराचे शुक्राणू बाहेर काढले जात असावेत असं अभ्यासकांना वाटतं.

मग बागेत आर्जिओपी शोधा, जाळ्यावर पांढरी नागमोडी नक्षी काढणारी मोठी मादी आणि कडेला चिमुकला नर. जाळ्याला हात लावायचा नाही, फुंकरही नको, टॉर्च बाजूनं धरा आणि मोबाईलवर आधीच व्हिडिओ चालू करून ठेवा कारण काही सेकंदांत सगळं उरकतं आणि नर उडी मारून सुटतो नाहीतर मादी त्याला गुंडाळून खाऊन टाकते. बरेच लोक इथेच उठतात, मला त्याची फार हळहळ वाटते! नर वाचला तर भिंगातून त्याचे पाल्प बघा, काही जातींत टोक तुटून मादीच्या आत बुचासारखं बसलेलं असतं, म्हणजे पुढच्या नराची वाट अडवली.

वहीत तीनच गोष्टी लिहा: डावा पाल्प का उजवा, किती सेकंद, नर सुटला का. आर्जिओपीत एका पाल्पनं मादीच्या शुक्राणू साठवायच्या डाव्या-उजव्या जागांपैकी एकच बाजू भरते, म्हणून तोच नर परत आला किंवा दुसरा आला तर तो कुठली बाजू वापरतो ते या नोंदीवरूनच कळेल.