एडिंबराचे चिप्स, शहापूरच्या कढईत

लेक इंग्लंडातल्या लीड्सहून बेळगावला, आमच्या शहापुरात आला की त्याला चिप्स पाहिजेत. वेफर्स नव्हेत हं. बोटाएवढे जाड, आत मऊ.

जुना बटाटा घ्या. फ्रिजमधला नको, त्यातल्या पिठाची साखर होते नि तळताना काळा पडतो. मी पहिल्यांदा तेच केलं की वो! कापून धुवा, पुसून कोरडे करा. १४० अंशांच्या आसपास मऊ होईतो तळा, गार होऊ द्या, मग १८० ते १९० वर सोनेरी करा. लीड्सकडं, म्हणजे यॉर्कशायरात, बैलाच्या चरबीत तळतात, आमच्याकडं शेंगतेल.

वर काय घालायचं यावर तिकडं भांडणं. स्कॉटलंडातल्या एडिंबरात मीठ आणि व्हिनेगरनं पातळ केलेला ब्राउन सॉस (आंबटगोड, काळपट), तिथल्याच ग्लासगोत नुसतं मीठ-व्हिनेगर. उत्तर इंग्लंडात ग्रेव्ही, वेल्समध्ये करी सॉस. इंग्लंडातल्या विगन गावात तर वाटाण्याचं पाणीच ओततात!

मला पटला तो घोटलेला वाटाणा. वाळके हिरवे वाटाणे खायचा सोडा घालून रात्रभर भिजवा, सकाळी धुऊन शिजवा, मीठ घालून घोटा.

सासूबाईंनी त्यावर कांदा-लसूण चटणी भुरभुरली. लेक काही बोलला नाही, पुन्हा ताट पुढं केलं.