ग्रॅच्युइटी अडकली असेल तर: आधी आकडा, मग अर्ज

निवृत्त होऊन तीस दिवस उलटले आणि ग्रॅच्युइटी जमा झाली नाही, की कंपनीत खेपा घालणं थांबवा. 'पुढच्या महिन्यात बघू' हे सुनावणीत सिद्ध करता येत नाही.

आधी आकडा स्वतः काढा. शेवटच्या पगारपत्रकातल्या मूळ वेतन आणि महागाई भत्ता या दोनच ओळी घ्या. घरभाडं, ओव्हरटाइम सोडा. बेरजेला 26 ने भागा, 15 ने गुणा, मग सेवेच्या वर्षांनी गुणा. बेरीज 26,000 आणि सेवा 28 वर्षं 7 महिने असेल, तर सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरतात: 29 वर्षं, 4,35,000 रुपये. कंपनीने 30 ने भागून वरचे सात महिने सोडले, तर हेच 3,64,000 होतात. थेट 71 हजार बुडाले. कायद्याने कमाल मर्यादा 20 लाख.

निवृत्ती 21 नोव्हेंबर 2025 किंवा त्यानंतरची असेल, तर 1972 च्या ग्रॅच्युइटी कायद्याच्या जागी आलेली सामाजिक सुरक्षा संहिता लागते. निम्म्याहून जास्त पगार भत्त्यांत दाखवला असेल, तर निम्म्यावरचा भागही वेतनात धरतात. खालचे नमुने (ठरलेले अर्ज) 1972 च्या कायद्याचे.

नमुना 'आय', म्हणजे ग्रॅच्युइटी मागण्याचा अर्ज, भरून कंपनीला पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा. या अर्जाला उशीर झाला म्हणून हक्क जात नाही. कमी रकमेचा धनादेश पुढे केला तर घ्या, पण पावतीवर 'हक्क राखून स्वीकारले' लिहूनच सही करा.

नकार आला किंवा उत्तरच नाही, तर 90 दिवसांत नमुना 'एन', म्हणजे सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे अर्ज. इथे गोव्यात घोटाळा होतो तो दार चुकल्याने. स्थानिक कारखाना, हॉटेल असेल तर राज्याचे कामगार आयुक्तालय, श्रमशक्ती भवन, पाटो, पणजी. खाण, मोठं बंदर किंवा अनेक राज्यांत शाखा असलेली कंपनी असेल तर केंद्रीय कामगार अधिकारी. चुकीच्या कार्यालयात अर्ज पडून राहिला तर 90 दिवस तिथेच सरतात. तसं झालंच, तर उशिराचं कारण लिहून माफी मागा.

अर्जात वर्षाला 10 टक्के सरळ व्याज स्पष्ट मागा. आदेशानंतरही पैसे आले नाहीत, तर वसुली दाखल्यासाठी त्याच अधिकाऱ्याकडे अर्ज करा. मग जिल्हाधिकारी जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करतात. मालक अपिलात गेला, तर आदेशाची रक्कम आधी भरल्याशिवाय त्याचं अपील दाखल होत नाही. ती भरल्याचा पुरावा पहिल्याच तारखेला मागा.