टायमिंग गन बरोबर दाखवते, तरी गाडी ओढत नाही

गॅरेजमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्यांदा हेच सांगतो, की रस्त्यात बिघडलेली गाडी वेगळी आणि दुरुस्तीनंतर बिघडलेली गाडी वेगळी. पहिलीत काहीही झालेलं असू शकतं. पण कालपर्यंत नीट चालणारी गाडी हेड गॅस्केट (इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं सील) बदलल्यावर मिसिंग करायला, म्हणजे एखादा सिलिंडर मध्येच न पेटता चालायला लागली, तर जिथे हात लागला होता तिथेच बहुतेक वेळा कारण सापडतं. म्हणून बॉनेट उघडण्याआधी गाडीवाल्याला नीट विचारा. हेड उतरवलं होतं का? टायमिंग बेल्ट नवीन टाकला की जुनाच चढवला? डेल्को (डिस्ट्रिब्यूटर, म्हणजे प्लगना ठरल्या क्रमाने स्पार्क वाटणारा भाग) काढला होता का? ही उत्तरं मिळाली की अर्धं काम होतं.

माझं शिक्षण आयटीआयमधला मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा ट्रेड आणि मग कोल्हापुरातलं गॅरेज. टायमिंग मला खऱ्या अर्थाने शिकवलं ते कार्ब्युरेटरवाल्या मारुती ८०० ने. १९८३ च्या डिसेंबरमध्ये ही गाडी रस्त्यावर आली, २०१४ पर्यंत बनत राहिली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२. शिकायला याहून चांगलं इंजिन मला माहीत नाही, कारण व्हॉल्व्ह उघडणारा वरचा कॅम खालच्या क्रँकवरून (पिस्टननी फिरणारा मुख्य दांडा) बेल्टने फिरतो आणि डेल्को त्याच कॅमवर चालतो. व्हॉल्व्हचं टायमिंग आणि स्पार्कचं टायमिंग असे दोन वेगळे हिशेब एकाच बेल्टला बांधलेले. नवशिका नेमका इथे फसतो.

आधी साध्या गोष्टी. हेडचं काम झालं की प्लगच्या वायरी निघालेल्या असतात. १-३-२ च्या जागी १-२-३ लागल्या, तर एकच सिलिंडर जागेवर पेटतो आणि कार्ब्युरेटरमधून फटाके येतात. व्हॅक्यूमचा पाइप लावायचा राहिला किंवा कार्ब्युरेटरखालचं गॅस्केट हवा ओढत असलं, तर आयडलिंग स्थिर राहत नाही आणि लोक उगाच टायमिंगला दोष देतात. टॅपेट (व्हॉल्व्हची फट ठरवणारे स्क्रू) आवळून बसवले असतील तर इंजिन तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. एवढं सगळं दहा-पंधरा मिनिटांत बघून होतं. ते टाळून थेट बेल्टचं कव्हर उघडायला बसू नका.

आता मुख्य गोष्ट. समजा बेल्ट चढवताना कॅम एक दात मागे राहिला. व्हॉल्व्ह उशिरा उघडतात, उशिरा मिटतात. डेल्को कॅमवरच असल्यामुळे स्पार्कही उशिरा पडतो. गाडी सुरू होते, पण जीव नसतो. मग कोणीतरी डेल्कोचा बोल्ट सैल करतो, बॉडी फिरवून स्पार्क पुढे घेतो आणि टायमिंग गन (एक नंबरच्या स्पार्कबरोबर चमकणारा दिवा, ज्याच्या उजेडात इंजिनवरची खूण दिसते) लावतो. खूण जागेवर! गाडी आधीपेक्षा बरी वाटते, ग्राहकाला दिली जाते. दोन दिवसांनी तो परत येतो: चढावर तिसऱ्या गिअरला दम तोडते, पेट्रोल जास्त खाते. गन खोटं बोलत नाही. एक नंबरचा प्लग कधी पेटतो, एवढंच तिला कळतं. व्हॉल्व्हबद्दल ती काहीच सांगत नाही.

हे ओळखायला डेल्कोच्या बोल्टची खाच बघा. स्पार्क बरोबर असताना बोल्ट साधारण खाचेच्या मध्याजवळ असायला हवा. बॉडी पार टोकाला गेली असेल, तर कुठेतरी दात चुकलाय हे धरून चाला. तो बेल्टचाच असेल असं मात्र नाही. डेल्कोच्या गिअरला तिरके दात असतील तर आत बसताना रोटर (डेल्कोतला फिरता भाग) थोडा फिरतो, आणि चूक तिथेही होऊ शकते. बेल्टच्या पुल्यांवरच्या खुणा जुळत असतील तर डेल्को काढून बसवा, जुळत नसतील तर बेल्ट.

एक दात म्हणजे किती ते स्वतः मोजा. ३६० ला कॅम पुलीच्या दातांनी भागा. ४० दात असतील तर कॅमवर ९ अंश. क्रँक दोन वेढे फिरतो तेव्हा कॅम एक वेढा, म्हणजे क्रँकच्या हिशेबात १८ अंश. चार-सहा अंशांसाठी आपण डेल्को जपून फिरवतो, तिथे १८ अंश काय करत असतील याचा विचार करा.

कव्हर उघडण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणारा हवेचा दाब, गेज लावून तपासा. सगळे प्लग काढलेले, कॉइलची वायर सोडलेली, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला, बॅटरी भरलेली. तिन्ही सिलिंडर सारखेच कमी दाखवत असतील, तर कॅम मागे असल्याचा संशय घ्या. एकच कमी असेल तर तिथला टॅपेट किंवा व्हॉल्व्ह. शेजारचे दोन कमी असतील तर नवं गॅस्केट त्यांच्यामध्ये धरलेलं नाही. एक बारकावा ध्यानात ठेवा: कॅम पुढे गेला असेल तर कॉम्प्रेशन बऱ्याचदा चांगलंच येतं, खालच्या वेगात गाडी ओढतेही, पण वर रेस घेत नाही. म्हणून कॉम्प्रेशन ठीक म्हणजे बेल्ट ठीक, असं समजू नका.

बेल्टच्या खुणा बघताना क्रँक हाताने, पान्याने, आणि फक्त इंजिनच्या नेहमीच्या दिशेनेच फिरवा. खूण पुढे गेली म्हणून उलटा फिरवला की बेल्टची ढील चुकीच्या बाजूला जाते आणि खूण फसवते. पुन्हा पूर्ण वेढा मारून या. नजर पुलीच्या बरोबर समोर हवी, वरून वाकून पाहिलं तर अर्धा दात इकडेतिकडे दिसतो. टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारी पुली) आवळल्यावर पूर्ण दोन वेढे फिरवून खुणा परत तपासल्याशिवाय स्टार्टर मारायचा नाही. काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो, आणि हाताने फिरवताना जाणवणारा अडथळा स्टार्टरला कळत नाही, तो व्हॉल्व्ह वाकवून मोकळा होतो.

खुणा जुळतात, तरी टायमिंग टिकत नाही, अशीही गाडी येते. तेव्हा क्रँक पुलीची चावी (पुली क्रँकवर जागेवर धरणारा छोटा लोखंडी तुकडा) बघा. मधला बोल्ट कमी आवळलेला राहिला तर चावी आणि तिची खाच झिजते, पुली क्रँकवर हलते. जुन्या गाड्यांत हे मी पाहिलेलं आहे, आणि दर वेळी आधी नाहक बेल्ट बदलला गेलेला असतो.

आता डेल्को राहिलेत कुठे, हे शिकून काय करू, असं मुलं विचारतात. शिका. आजच्या गाडीत स्कॅनर पी००१६ दाखवतो, म्हणजे कॅम आणि क्रँकचा मेळ बसत नाही. हा कोड आला की सेन्सर बदलून पाहणारे पुष्कळ आहेत. टायमिंग चेनचं (काही गाड्यांत बेल्टच्या जागी ती असते) काम झाल्यानंतर तो आला असेल तर आधी खुणा बघायच्या, हे मारुतीवर हात बसलेल्या पोराला सांगावं लागत नाही. पहिल्या कमाईतून फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), कॉम्प्रेशन गेज आणि टायमिंग गन घ्या, आणि प्रत्येक गाडीचे आकडे वहीत लिहा.

दात जागेवर आला की स्पार्कचं टायमिंग नव्याने लावा, कारण जुनं सेटिंग चुकीच्या कॅमसाठी होतं. इंजिन गरम, आयडलिंग ठरलेलं, बहुतेक गाड्यांत व्हॅक्यूमचा पाइप काढून बुजवलेला. अंश मॅन्युअलमधले घ्या, ऐकीव नको. मग चढावर न्या. आम्ही पन्हाळ्याच्या रस्त्याला जातो. तिसऱ्या गिअरला दाबल्यावर टकटक आली तर स्पार्क थोडा मागे, गाडी सुस्त आणि इंजिन गरम होत असेल तर थोडा पुढे, आणि दर बदलानंतर गन परत लावून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून बघायचं. सगळं जुळलं की डेल्कोचा बोल्ट पक्का आवळा आणि बॉडीवर रंगाची एक रेघ मारून ठेवा, म्हणजे पुढे कोणी तो फिरवला तर लगेच दिसेल.