लघवीचा कल्चर रिपोर्ट: डबीपासून तक्त्यापर्यंत

परवा आत्याचा फोन आला. “रिपोर्टाचा फोटो पाठवलाय, बघ जरा. सतरा औषधं लिहिलीत आणि दहांपुढे आर आहे. माझं शरीर आता औषधांना दादच देत नाही का गं?”

हा प्रश्न मी २२ वर्षं ऐकते आहे. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या चपट्या बश्या, बघायचं माझं काम, त्यामुळे नात्यातले सगळे रिपोर्ट आधी माझ्याकडे येतात. आत्याला म्हटलं, “तुझं शरीर ठीक आहे. दाद देत नाहीत ते तुझ्या लघवीतले जंतू. आणि फोटोत नुसता तक्ता आलाय, वरचा अर्धा कागद कुठे गेला?”

वरच्या अर्ध्या कागदाकडे येतेच, पण रिपोर्टाची सुरुवात त्याच्याही आधी होते, डबीपासून. उन्हाळी लागली, म्हणजे लघवीला जळजळ, सारखी घाई आणि प्रत्येक वेळी चार थेंब, की पुष्कळ जण घरात उरलेली गोळी घेतात आणि दोन दिवसांनी कल्चरला, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, येतात. या आजाराची बरीच अँटिबायोटिक्स लघवीत भरपूर प्रमाणात उतरतात. एक-दोन गोळ्यांनीही प्लेट कोरी निघू शकते. रिपोर्टावर ‘वाढ नाही’ असं छापून येतं, जळजळ मात्र चालूच. तेव्हा कल्चर करायचं ठरलं असेल तर आधी डबी, मग गोळी. गोळी घेऊन झाली असेल तर नाव आणि वेळ सांगा. त्यासाठी कोणी रागावत नाही.

सकाळची पहिली लघवी चांगली, नाहीतर तीन-चार तास साठलेली. हात धुवा. बायकांनी जागा साध्या पाण्याने पुढून मागे धुवावी आणि लघवी करताना योनीचे ओठ बाजूला धरावेत. पुरुषांनी लिंगाची पुढची त्वचा मागे घ्यावी. पहिली धार सोडून द्या, मधली डबीत धरा, शेवटचीही सोडा. झाकणाची आतली बाजू कशावर टेकवू नका, डबीच्या आत बोट घालू नका. घरातली धुतलेली बाटली चालत नाही, कितीही उकळली असली तरी. मूत्रनळी घातलेल्या रुग्णाची लघवी पिशवीतून काढू नका. तिथे ती तासन् तास पडून असते. नळीला नमुना घेण्याची वेगळी जागा असते, तिथून नर्स सुईने काढते.

मग घड्याळ बघा. ई. कोलाय या जंतूला अनुकूल ऊब मिळाली की साधारण २० मिनिटांत एकाचे दोन होतात. दोन तास बाहेर राहिलेल्या डबीत, तुमच्या मूत्राशयात होते त्याहून कितीतरी जास्त जंतू आम्हाला दिसतात. म्हणून दोन तासांत पोचवा, नाही जमलं तर फ्रिजमध्ये ठेवा. तिथे २४ तासांपर्यंत चालते. आमच्याकडे एकदा एक डबी सकाळपासून खिडकीत उन्हात राहिली होती. प्लेट अशी भरून आली की एकेक कॉलनी, म्हणजे एका जंतूपासून वाढलेला ठिपका, ओळखू येईना. त्या बाईंना पुन्हा बोलवावं लागलं, आणि चूक त्यांची नव्हतीच.

आता आत काय होतं ते सांगते, म्हणजे आकडे कळतील. लूप नावाची एक तार असते, तिच्या टोकाच्या कडीत लघवीचा एक हजारांश मिलिलिटर मावतो. तो प्लेटवर ओढतो आणि ३५ ते ३७ अंशांवर रात्रभर ठेवतो. सकाळी कॉलन्या मोजायच्या. एक कॉलनी म्हणजे मिलिलिटरला हजार जंतू, शंभर म्हणजे एक लाख. ‘एक लाखाच्या वर’ हा जुना उंबरठा एडवर्ड कास या अमेरिकी डॉक्टरांच्या १९५० च्या दशकातल्या कामातून आला. पण ज्या बाईला खरोखर जळजळ आहे तिच्या बाबतीत हजार, कधी शंभरही पुरतात, आणि काहीच त्रास नसलेल्या माणसाच्या लघवीतले लाखही कधी कधी निरर्थक असतात. तीन-चार प्रकारचे जंतू एकत्र आले असतील तर बहुधा नमुना घेताना त्वचेवरचे मिसळले. तेव्हा औषध मागू नका, दुसरी डबी मागा.

आकड्याशेजारी जंतूचं नाव असतं. साध्या मूत्रसंसर्गांत चारांपैकी साधारण तीन वेळा ते ई. कोलाय असतं, आपल्याच आतड्यातलं. बाकीच्यांत क्लेब्सिएला, प्रोटिअस, एंटरोकोकस. नाव महत्त्वाचं, कारण काही जंतू काही औषधांना जन्मजातच दाद देत नाहीत: क्लेब्सिएला अँपिसिलिनला, प्रोटिअस नायट्रोफ्युरँटॉइनला, एंटरोकोकस सेफॅलोस्पोरिनांना. तिथला आर बघून हबकायचं कारण नाही.

आता तक्ता. जंतू प्लेटभर पसरवून वर औषधांच्या बारीक चकत्या ठेवतात. दुसऱ्या दिवशी, ज्या चकतीतल्या औषधाला जंतू घाबरला तिच्याभोवती स्वच्छ वर्तुळ पडलेलं असतं. ते मिलिमीटरमध्ये मोजतो. कधी कधी त्या स्वच्छ वर्तुळात दोन-तीन कॉलन्या एकट्याच बसलेल्या दिसतात, टक्कल पडलेल्या डोक्यावर चार केस राहावेत तशा. मी तिथे थांबते आणि त्यांतली एक उचलून पुन्हा तपासते. बाकीचे मेले तरी त्या जगल्या असतील, तर औषध चालू झाल्यावर त्यांनाच मोकळं रान मिळेल.

एस म्हणजे नेहमीच्या मात्रेला जंतू दाद देतो, आर म्हणजे देत नाही. आय बघून लोक गोंधळतात. हे निकष ठरवणाऱ्या युरोपातल्या युकास्ट समितीने २०१९ मध्ये त्याचा अर्थ ‘मात्रा वाढवली तर चालेल’ असा केला; सगळीकडे तोच अर्थ धरत नाहीत, तेव्हा डॉक्टरांना विचारा. आकड्यांची तर फारच फसगत होते. एमआयसीच्या, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला औषध कमीत कमी किती लागतं त्याच्या, रकान्यात एका औषधापुढे ०.२५ आणि दुसऱ्यापुढे १६ असेल तर पहिलं चौसष्ट पट चांगलं, असं नाही. प्रत्येक औषधाची मोजपट्टी वेगळी. सोळावालंही एस असू शकतं.

सगळे एस सारखे नाहीत, हे मात्र मी ओरडून सांगते. नायट्रोफ्युरँटॉइन आणि तोंडाने घ्यायचं फॉस्फोमायसिन मूत्राशयातल्या जळजळीला छान, पण मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या संसर्गाला नाही. ती लघवीत उतरतात, ऊतींमध्ये पुरेशी पोचत नाहीत. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या असं काही असेल तर तक्ता बाजूला ठेवा आणि लगेच डॉक्टर गाठा, रिपोर्टाची वाटही बघू नका. गरोदर असाल तर जळजळ नसली तरी लघवीतले जंतू दुर्लक्षून चालत नाही.

उरला प्रश्न आत्याच्या दहा आरांचा. वरचा अर्धा कागद आला तेव्हा त्यावर लिहिलं होतं: ई. कोलाय, एक लाखाच्या वर, ईएसबीएल. हा जंतूने बनवलेला एक एन्झाइम आहे. पेनिसिलिन आणि बऱ्याच सेफॅलोस्पोरिनांच्या रेणूतलं एक कडं तो तोडून टाकतो. म्हणून ते आर एका रांगेत येतात. दहा वेगवेगळे पराभव नाहीत ते, बरेचसे एकाच कात्रीचे. ही कात्री बनवायची कृती अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या डीएनएच्या सुट्या कड्यावर असते. ते कडं एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो, आणि त्याच्यावर इतर औषधांना चुकवायच्या युक्त्याही बऱ्याचदा लिहिलेल्या असतात. प्लेटवर ओळखायची गंमत अशी: सेफॅलोस्पोरिनच्या चकतीजवळ क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड असलेली चकती ठेवली की वर्तुळ त्या बाजूला लांबतं, कुलपाच्या भोकासारखं दिसतं. क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड कात्री बोथट करतं, म्हणून.

आत्याला ताप नव्हता, कंबर दुखत नव्हती. उरलेल्या सातांत नायट्रोफ्युरँटॉइन होतं. मेरोपेनेमही एस होतं, आणि तिला तेच ‘भारी’ वाटत होतं. म्हटलं, ते शिरेतून देतात, आणि जिथे दुसरं काही चालत नाही तिथल्यासाठी ते राखून ठेवायचं असतं. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं काम तपासलं आणि नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस दिलं. तिसऱ्या दिवशी जळजळ गेली. तेव्हा तिने विचारलं, “आता पुन्हा कल्चर करून जंतू गेले का बघू?” नको. त्रास गेला असेल तर नको. उगाच जंतू दिसले की उगाच औषध सुरू होतं. आणि गोळ्या? डॉक्टरांनी पाच दिवस सांगितलेत तर पाचच, उरलेली डब्यात ठेवायची नाही, आणि शेजारच्या काकूंना तर द्यायचीच नाही.

हा रिपोर्ट फेकू नका. पुढच्या वेळी उन्हाळी लागली तर नवं कल्चर येईपर्यंत काय सुरू करायचं, हे ठरवताना डॉक्टर जुना कागद बघतात, कारण तोच जंतू आतड्यात टिकून असू शकतो. मागच्या काही महिन्यांत कुठली अँटिबायोटिक्स घेतली आणि रुग्णालयात राहणं झालं का, हेही त्याच्या मागे लिहून ठेवा. फोटो काढलात तर पूर्ण कागदाचा काढा, तारीख, जंतूचं नाव आणि आकडा यांसकट. आत्याला हे सांगितल्यावर तिने दुसरा फोटो पाठवला. त्यात तारीख होती, नाव होतं, आकडा होता, तक्ता कापला गेला होता.