शाकाहारी आहात आणि चिडचिड वाढलीय? आधी बी१२ तपासा
मन उदास, नावं आठवत नाहीत, तळपायांना मुंग्या येतात? शाकाहारी माणसाने रक्तातलं बी१२ जीवनसत्त्व तपासून घ्यावं, तेही गोळ्या सुरू करण्याआधी. नंतर आकडा फसवा येतो. मिलीलीटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे सहसा कमतरता. ती नुसत्या आहाराने भरत नाही, डॉक्टरांकडून इंजेक्शन किंवा गोळ्याच घ्या.

रोजची गरज २ ते अडीच मायक्रोग्रॅम. पेलाभर, म्हणजे २५० मिली दुधातून सुमारे १ मिळतं. चहातल्या चार चमचे दुधाने काय होणार? डाळी-पालेभाज्यांत ते नसतंच. मधुमेहाची मेटफॉर्मिन आणि पित्ताच्या रोजच्या गोळ्यांनी शोषण घटतं, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

बी१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड (रक्तवाढीच्या गोळ्यांतलं जीवनसत्त्व) घेऊ नका. हिमोग्लोबिन सुधारलेलं दिसतं, नसांची हानी मात्र चालूच राहते.